प्लास्टिकच्या दाताच्या बाजूने

'प्लास्टिकचा गिअर आहे, तुटणारच. लोखंडी टाका, कटकट मिटेल.' रिमोटवर धावणाऱ्या टूरिंग कारचे दात झडले की हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. आमच्या बीड जिल्ह्यात गेवराईच्या रस्त्याला ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मेस्त्री तो देतात, शहरांतले सुट्या भागांचे दुकानदार देतात, आणि गाडी हातात येऊन वर्षही न झालेली कॉलेजची पोरंही देतात. हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. त्यापायी पैसे जातात, गाडी आधीपेक्षा मोठी मोडते आणि शेवटी कपाटावर चढते. म्हणून या सल्ल्याला पुरतं उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. माझं म्हणणं असं की, मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारी जी साखळी या गाडीत असते, तिचा टिकाऊपणा कठीण धातूतून येत नाही. दात दातात नीट बसणं, आत घाण न जाणं आणि एक कडी मुद्दाम कच्ची ठेवणं, यातून तो येतो.

आधी गाडी समजून घेऊ. टूरिंग कार म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या खऱ्या मोटारीची एक-दशांश आकाराची प्रतिकृती. वजन दीड किलोच्या आसपास, जोर चारही चाकांना, जमिनीपासून उंची जेमतेम बोटभर. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची रिमोटवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली, तिथून तिचा या गाड्यांचा प्रवास सुरू झाला. तिचीच टीटी-०२ ही चासी २०१३ पासून मिळते आणि नवशिक्यांची पहिली गाडी पुष्कळदा हीच असते. पुढचे आकडे तिचे आहेत. मोटरच्या शाफ्टवर २२ दातांचं पिनियन, त्याला भिडलेला ७० दातांचा प्लास्टिकचा स्पर गिअर. स्परचा फेरा एक लांब शाफ्ट पुढच्या आणि मागच्या पेटीत नेतो. तिथं क्राऊन-पिनियनची जोडी तो काटकोनात वळवते, २.६ पटीनं सावकाश करते आणि डिफरन्शिअलमार्फत चाकांना देते. दोन्ही टप्पे मिळून गुणोत्तर ८.२७ होतं, म्हणजे मोटर सव्वाआठ फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. ज्यानं ट्रॅक्टर उघडलेला पाहिलाय त्याला यात नवं काही नाही.

नवा आहे तो वेग. साधी ब्रशवाली मोटर मिनिटाला पंधरा हजार फेरे घेते असं धरलं, तर स्परचा प्रत्येक दात मिनिटाला ४,७०० हून अधिक वेळा पिनियनच्या दाताला भिडतो. दहा मिनिटं पूर्ण वेगानं गाडी पळाली की सत्तेचाळीस हजार वेळा. ३३०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे घेणारी ब्रशलेस मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर लावली की फेरे २४ हजारांच्या वर जातात आणि दाताच्या भिडण्या मिनिटाला ७,६०० च्या पुढे. एवढ्या वेळा आपटणाऱ्या दाताचं आयुष्य तो किती कठीण आहे यावर ठरत असतं, तर प्रश्न सोपा होता. ते ठरतं दात दाताला कसा आणि किती रुंदीनं भिडतो, दोघांच्या मध्ये काय शिरतं आणि अचानक बसलेला झटका कुठं जिरतो, यावर. लोखंडाची बाजू घेणारे यातलं एकही विचारात घेत नाहीत.

मेस्त्रींचा मुख्य मुद्दा ट्रॅक्टरचा असतो. 'ट्रॅक्टरात कुठं प्लास्टिकचा गिअर पाहिलाय? गढीच्या जय भवानी कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत नेतो, तरी क्राऊनला काही होत नाही.' मुद्दा वजनदार वाटतो, पण त्यात तीन गोष्टी सोडून दिल्या आहेत. ट्रॅक्टरचं क्राऊन-पिनियन बंद हाऊजिंगमध्ये तेलात बुडून फिरतं. धातूवर धातू घासायचा तर मध्ये तेलाचा थर लागतोच, आणि टूरिंग कारच्या उघड्या किंवा अर्ध्या झाकलेल्या स्परला तो कुठून मिळणार? दुसरं, ट्रॅक्टरचा दात आरपार कठीण नसतो. त्याच्या पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो थर कठीण केलेला असतो आणि आतला गाभा मुद्दाम चिवट ठेवलेला असतो, म्हणजे झटका बसला तर दात काचेसारखा तडकू नये. बाजारात शंभर-दोनशे रुपये जास्त घेऊन दिला जाणारा धातूचा स्पर या प्रक्रियेतून गेला आहे याची खात्री कुणी देत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. ट्रॅक्टरला क्लच असतो. इलेक्ट्रिक टूरिंग कारला तो नसतो. मोटर आणि चाक यांच्यामध्ये घसरणारं, सुटणारं असं काहीच नाही. झटका येतो तो थेट दातावर.

आणि ट्रॅक्टरचंच उदाहरण घ्यायचं तर अर्धवट का घ्यावं? त्याच ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर जोडलेला असतो. ट्रॅक्टरचा जोर अवजाराला देणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरत असतो. पात्याला दगड लागला की काय होतं, हे आमच्या तलवाडा गावच्या शिवारातल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. ड्रायव्हर खाली उतरतो, टूलबॉक्समधला दुसरा बोल्ट घालतो, पुन्हा कामाला लागतो. बोल्ट सारखा तुटतो म्हणून एखाद्यानं हाय-टेन्साइलचा बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स फुटतो. हे ज्ञान आमच्या भागात इतकं मुरलेलं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. तोच मेस्त्री पोराच्या हातातली गाडी पाहून मात्र लोखंडी गिअर टाकायला सांगतो. टूरिंग कारमधला प्लास्टिकचा स्पर म्हणजे तिचा शिअर बोल्ट आहे. तो स्वस्त असतो, बदलायला सोपा असतो, आणि त्याच्यामागे जे महाग आहे ते वाचवतो.

काय वाचवतो, ते हिशेबानं पाहू. टीटी-०२ च्या मूळ गुणोत्तरावर, चाकाचा घेर वीस सेंटिमीटरच्या आसपास धरला तर, साध्या मोटरनं गाडी ताशी २२ किलोमीटरच्या जवळ जाते आणि ब्रशलेसनं ३५ च्या. वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला, पण गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे अडीच पटीहून जास्त झाली. आता पुढचं चाक सिमेंट रस्त्याच्या कडेला अडकलं, आणि बोट अजून थ्रॉटलवर आहे. चाक एका क्षणात थांबलं, मोटरचा रोटर मात्र चोवीस हजारांच्या फेऱ्यात आहे. रोटर लहान असला तरी त्याचं जडत्व चाकाच्या ठिकाणी गुणोत्तराच्या वर्गानं वाढून जाणवतं. ८.२७ चा वर्ग ६८. एवढ्या पटीनं वाढलेला तो फिरता बोजा साखळीतल्या सगळ्यांत कच्च्या कडीवर आदळतो. स्पर प्लास्टिकचा असेल तर त्याचे दोन-चार दात झडतात आणि गोष्ट संपते. स्पर लोखंडी असेल तर धक्का पुढं सरकतो आणि पेटीतलं क्राऊन-पिनियन जातं. तेही धातूचं केलं तर चाकाकडं जाणाऱ्या छोट्या शाफ्टची, म्हणजे डॉगबोनची पिन किंवा ती जिच्यात बसते तो कप जातो, पेटीच्या भिंतीला बेअरिंगच्या जागी चीर पडते, नाही तर मोटरचा शाफ्ट वाकतो. चीर गेलेली पेटी वरून दिसत नाही. बेअरिंग तिरकं बसतं, दात अर्ध्या रुंदीनं चालायला लागतात, आणि महिन्याभरानं 'ही गाडीच बेकार आहे' असं म्हणून ती विकली जाते.

यावर एक प्रामाणिक प्रश्न विचारला जातो: 'मी लोखंडी स्पर टाकला, माझी गाडी वर्षभर चालली. मग?' चालली असेल. पण कुठं चालली ते पाहा. तलवाड्यासारख्या गावात टूरिंग कार चालवायची म्हणजे सिमेंटच्या रस्त्यावर, आणि त्या रस्त्यावर बाराही महिने मातीचा थर असतो. टायर पकड घेतच नाही. झटका आला की टायर घसरतो आणि जोर तिथंच जिरतो. म्हणजे त्या गाडीत घसरणारी कडी होतीच, ती टायर होती. तीच गाडी पकड असलेल्या स्वच्छ डांबरावर मऊ रबराचे टायर लावून पळवा, बॅटरी नवी घाला, आणि मग पाहा लोखंडी स्परच्या पुढची कुठली कडी आधी जाते. एका घसरत्या रस्त्यावरच्या अनुभवातून सगळ्या रस्त्यांचा नियम काढता येत नाही.

दुसरा आक्षेप शर्यतीच्या गाड्यांचा असतो. त्या गाड्यांच्या छायाचित्रांत निळं-नारिंगी अ‍ॅल्युमिनियम चमकतं, आणि दुकानदार ते दाखवून म्हणतो, 'बघा, चॅम्पियन सगळं मेटल वापरतात.' छायाचित्र नीट पाहिलं तर उलटंच दिसतं. एक्सरे, योकोमो यांच्या स्पर्धेच्या टूरिंग कारमध्ये स्पर गिअर प्लास्टिकचाच असतो. त्या गाड्या शाफ्टऐवजी दातेरी पट्ट्यांवर चालतात, आणि पट्टा रबर किंवा पॉलियुरेथेनचा, आत न ताणणारे धागे घातलेला. तोही लवचीक. बहुतेक पुल्याही प्लास्टिकच्या. पोलाद असतं ते चाकाकडं जाणाऱ्या शाफ्टला, त्याच्या पिनेला, पिनियनला. अ‍ॅल्युमिनियम असतं ते मोटर धरणाऱ्या तुकड्याला, कारण तिथं उष्णता शोषायची असते आणि मोटर जागची हलू द्यायची नसते. जगात सगळ्यांत जास्त पैसा आणि कौशल्य ज्या गाड्यांवर खर्च होतं, त्यांचे रचनाकार दात आणि पट्टा मऊ ठेवतात. त्यांना धातू परवडत नाही म्हणून नव्हे.

म्हणजे माझा धातूला विरोध नाही. तो कुठं घालायचा यावर माझा वाद आहे. जिथं जोर अगदी लहान जागेवर एकवटतो, जसं डॉगबोनची पिन कपाच्या खाचेत फिरते तिथं, पोलादच हवं. तिथं मऊ अ‍ॅल्युमिनियमचा रंगीत कप घातला तर पोलादी पिन त्यात खाच पाडते. तो रंग पैशांचा नासच आहे. पिनियनही पोलादाचं असावं. स्वस्त मिश्रधातूच्या पिनियनचे दात आधी झिजून टोकदार होतात आणि मग ते टोक करवतीसारखं स्परला खातं. स्पर बदलला, पुन्हा गेला, पुन्हा बदलला, आणि दोष प्लास्टिकच्या माथी. पिनियन मात्र तेच जुनं. अशा ठिकाणी धातू सुधारलाच पाहिजे.

आणि बेअरिंग. इथं मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण स्परच्या बहुतेक मरणांचं मूळ इथं असतं आणि तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. अनेक स्वस्त किटांत शाफ्टखाली बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश येतात. नवे असताना ते बरे चालतात. पण बुशमध्ये माती शिरली की त्याचं गोल भोक लंबगोल होतं. भोक मोठं झालं की शाफ्ट जागा सोडतो. शाफ्ट हलला की पिनियन आणि स्पर यांचे मध्य एकमेकांपासून दूर जातात, दात मुळापर्यंत भिडण्याऐवजी टोकांवर भिडतात, आणि दाताच्या टोकावर बसलेला जोर त्याला मुळापासून उपटतो. वरून दिसतो तो तुटलेला स्पर. मेलेला असतो तो बुश. अशा गाडीत लोखंडी स्पर घातला तर तोही टोकांवरच चालतो, फक्त आवाज जास्त करतो आणि पिनियनला खातो. त्याऐवजी ५ मिलिमीटर भोकाची आणि ११ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, दोन्ही बाजूंना रबराचं सील असलेली बेअरिंगं सगळ्या जागी घातली, तर त्याच प्लास्टिकच्या स्परचं आयुष्य डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. हे काम संपूर्ण धातूचे गिअर घालण्यापेक्षा स्वस्तही पडतं.

तुटलेला गिअर फेकून देण्याआधी तो भिंगाखाली पाहायला हवा. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. एकाच जागचे दोन-तीन दात मुळातून गेले आणि बाकीचे नव्यासारखे असतील, तर तो झटका होता. चाक कुठंतरी अडकलं, किंवा गाडी उडून फिरत्या चाकांवर आपटली. सगळेच दात टोकदार, चाकूच्या पात्यासारखे झाले असतील तर ती झीज आहे, आणि तिचं कारण मातीत, झिजलेल्या पिनियनमध्ये किंवा सैल बसलेल्या मोटरमध्ये शोधायचं. दाताच्या रुंदीचा अर्धाच भाग चकचकीत झाला आणि उरलेला अर्धा कोरा असेल, तर शाफ्ट तिरका आहे. बेअरिंग किंवा पेटी तपासायची. दात ओढल्यासारखे, मेणासारखे एका दिशेला झुकलेले दिसले तर ती उष्णता. मोटरवर तिच्या ताकदीपेक्षा मोठं पिनियन चढवलं आहे, ती तापते आणि ती ऊब शाफ्टमधून थेट स्परला पोचते. मे महिन्यात बीड जिल्ह्यातलं तापमान चाळिशीच्या वर असतं, रस्ता त्याहून तापलेला, त्यात ही भर. या चार मरणांची चार वेगळी औषधं आहेत, आणि त्यांतल्या एकाचंही औषध लोखंडी स्पर नाही. झटक्याला तो धक्का पुढं ढकलतो, मातीपुढं तोही झिजतो, तिरक्या शाफ्टवर तोही तिरका चालतो, आणि उष्णतेत तो स्वतः वितळत नसला तरी मोटर जळू देतो. वितळलेला प्लास्टिकचा स्पर निदान मोटर जळण्याआधी गाडी थांबवतो.

पाचवं एक मरण आहे. ते गाडी चालवण्याआधीच ठरलेलं असतं. टीटी-०२ चे दात ०.६ मॉड्यूलचे; मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप. बाजारात जास्त मिळणारी पिनियनं ४८ पिचची, म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूलची. दोन्ही हातात धरली तर डोळ्यांना फरक कळत नाही, दात एकमेकांत बसल्यासारखेही वाटतात. पण अंतर जुळत नाही. प्रत्येक भिडण्याला दात दाताला घासून, ढकलून आत जातो. मिनिटाला हजारो वेळा. असा स्पर एक-दोन बॅटऱ्यांत संपतो आणि दुकानदार पुन्हा तेच सांगतो: प्लास्टिक होतं, म्हणून गेलं. सुटे भाग विकणाऱ्यानं पाकिटावरचा मॉड्यूल गिऱ्हाइकाला वाचून दाखवणं, हे मला त्याचं कर्तव्य वाटतं. ते न करता महागडा धातूचा संच पुढं करणं चूक आहे, मग त्यामागे कंटाळा असो की नफा.

आता मातीबद्दल. त्वरितादेवीसाठी ओळखलं जाणारं आमचं तलवाडा गोदावरीच्या दक्षिणेच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येतं. ही माती बेसाल्ट झिजून झालेली. ओली असली की चिकट, वाळली की पिठासारखी. तिच्यात आणि रस्त्यावरच्या मुरूम-खडीच्या चुऱ्यात जे खनिजांचे बारीक कण असतात ते कुठल्याही प्लास्टिकपेक्षा कठीण असतात, आणि मऊ पोलादालाही ओरखडे काढतात. आता इथं लोक काय करतात? उघड्या स्परला बोटभर ग्रीस फासतात. ट्रॅक्टरच्या निपलला ग्रीस मारायची सवय हाताला असते, तीच इथं लागू केली जाते. पण निपलमधून मारलेलं ग्रीस जुनं ग्रीस आणि घाण बाहेर ढकलतं. स्परवर फासलेलं ग्रीस माती धरून ठेवतं आणि तिचं उटणं दाताला घासत राहतं. गिअर, बुश यांसाठी वापरलं जाणारं अ‍ॅसेटल नावाचं प्लास्टिक मुळातच कमी घर्षणाचं असतं, कोरडं चालू शकतं. इथं प्लास्टिकचा एक मोठा गुण कामी येतो, आणि लोखंडाची बाजू घेणारे तो कधीच मोजत नाहीत. आमच्या धुळीत कोरडा चालणारा दात लागतो, आणि पोलाद-पोलादाची जोडी कोरडी चालत नाही. बंद पेटीतल्या क्राऊन-पिनियनला थोडं ग्रीस द्यावं, पेटीचा जोड स्वच्छ पुसून बंद करावा. स्पर मात्र मऊ ब्रशनं झाडून कोरडा ठेवावा.

कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते. रस्त्यावर उडणारे कापसाचे तंतू, गोण्यांचे सुतळीचे धागे चाकामागच्या एक्सलवर गुंडाळले जातात. चाक काढून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. धागा आवळत आवळत बेअरिंगच्या सीलखाली शिरतो, सील उचलतो आणि मातीला वाट करून देतो. आठवड्यातून एकदा चारही चाकं काढून चिमट्यानं धागे ओढून टाकले, की बेअरिंगचं आयुष्य वाढतं. यात एक रुपयाही जात नाही. धातूच्या संचाच्या जाहिरातीत हे कुठं सांगितलेलं नसतं.

आटे हा वेगळा विषय आहे, पण तो सोडून पुढं जाता येत नाही. टीटी-०२ सारख्या गाडीत स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडत जातो. पेटी दर वेळी उघडून जोरानं पिळली की चार-सहा वेळांत आटे जातात, स्क्रू धरत नाही, पेटीचे दोन अर्धे वेगळे व्हायला लागतात आणि आतले दात पुन्हा टोकांवर चालतात. उपाय साधा आहे. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की तो किंचित खाली पडल्यासारखा जाणवतो, मग सुलटा पिळायचा. पेटीचे स्क्रू एका बाजूनं ओळीनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. हे कुठल्याही मेस्त्रीला ठाऊक असतं, हेडचे बोल्ट तो असेच आवळतो. पोरांना शिकवायचं ते हे. लोखंडी गिअर घातल्यानं आटे टिकत नाहीत. उलट त्याचा थरथराट स्क्रू सैल करतो.

उरला प्रश्न पिनियन आणि स्पर एकमेकांत किती घट्ट बसवायचे याचा. टीटी-०२ मध्ये मोटर कुठं बसवायची हे पिनियनच्या दातांप्रमाणे ठरलेल्या भोकांनी ठरतं, त्यामुळं चुकीचं भोक निवडलं की खेळ संपला. ज्या गाड्यांत मोटर सरकवून बसवायची सोय असते, तिथं पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर नागमोडी घडी दिसावी, पण ती फाटलेली नसावी. मग स्परला बोटानं किंचित हलवून पाहायचं. दाताला श्वास घेण्यापुरता प्ले हवा. तोही एका जागी पाहून भागत नाही, स्पर पूर्ण फिरवून पाहायला हवा, कारण साच्यातून निघालेला गिअर अगदी गोल नसतो आणि एका बाजूला घट्ट लागतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे: 'खेळणं आहे हो, एवढा विचार कशाला?' ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं डिफरन्शिअल उघडून, शिमच्या पातळ चकत्या घालून, जादा प्ले काढून बसवलं, तो पोरगा उद्या आयटीआयला गेला तर शिक्षक काय शिकवतायत ते त्याच्या हाताला आधीच ठाऊक असतं. गुणोत्तर, जडत्व, झीज, उष्णता हे पुस्तकात वाचणं आणि तुटलेल्या दातावर ते ओळखणं यांत फार अंतर आहे. जो भाग ऊस आणि कापूस ट्रॅक्टरवर वाहतो, जिथं प्रत्येक गावात पंप, मोटरी आणि रोटाव्हेटर आहेत, तिथल्या पोरांना ही समज हवीच. शिवाय पैशाचा प्रश्न आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. एकदा घेतलेली गाडी पुन्हा घेणं गावातल्या घराला परवडत नाही. शिझुओकातला मुलगा चासी मोडली तर दुकानात जाऊन दुसरी आणेल. तलवाड्यातल्या मुलाची मोडली तर खेळ बंद. म्हणून कुठली कडी आधी तुटावी हे ठरवण्याची गरज त्याला जास्त आहे.

तेव्हा ज्यांच्या हातात लोखंडी गिअरच्या संचाचे पैसे तयार आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की तो खर्च वेगळ्या क्रमानं करा. आधी सगळे बुश काढून सील असलेली बेअरिंगं. मग पोलादाचं, मॉड्यूल जुळणारं एक पिनियन, मूळ दातांचं. मोठं पिनियन घेऊन वेग वाढवण्याचा मोह या टप्प्याला नको. मग मूळ कंपनीचे दोन प्लास्टिकचे स्पर, एक गाडीत आणि एक डब्यात. उरलेल्या पैशांत ०.१ मिलिमीटरच्या शिमची पुडी आणि लहान बेअरिंग-ग्रीसची एक ट्यूब येते. यानंतरही दात झडले, तर तो गिअर मेस्त्रीकडं घेऊन जा. त्याला तो दाखवा आणि दात कुठून तुटला, टोकाकडून की मुळातून, एका जागी की सगळीकडं, एवढंच विचारा. ट्रॅक्टरचं क्राऊन पाहून तो जे क्षणात सांगतो, तेच तो इथंही सांगेल.